रुपयाच्या मागावर : मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाची वाटचाल

फोर्टमधल्या विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर सगळ्यांना ठाऊक आहे. मनोऱ्यासाठी आणि त्याच्या पायाशी असलेल्या ग्रंथालयासाठी १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांनी आपल्या आईचे नाव दिले. तो पैसा कापसाच्या तेजीतला होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात रोज नवी बँक, रोज नवी कंपनी निघू लागली. बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा निम्मी मुंबई दिवाळखोर निघाली. खुद्द प्रेमचंदही बुडाले. बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. विद्यापीठाला दिलेले दान मात्र टिकले आणि १८७८ पर्यंत मनोरा बांधून पुरा झाला.

विभागाच्या इतिहासाची सुरुवात इथून करण्याचे कारण आहे. तेजी कशी येते, बँका का बुडतात, दूरच्या देशातल्या लढाईने इथल्या ज्वारीचा भाव का हलतो, हे सगळे स्थूल अर्थशास्त्राचे प्रश्न. ते अभ्यासण्यासाठी लागणारे ग्रंथालय अशाच एका तेजीच्या पैशातून उभे राहिले. विद्यापीठात आर्थिक संशोधन करायचे तर पैसा कुठून आला, कोणत्या अटींवर आला आणि त्याची किंमत पुढे टिकली का, हे तीन प्रश्न टळत नाहीत. या लेखात विभागाचा इतिहास सांगताना मी त्यांचाच मागोवा घेतला आहे. प्राध्यापकांची आणि प्रमुखांची समग्र यादी देण्याचा इथे प्रयत्न केलेला नाही.

विभाग सुरू होण्याआधीही या शहरात हा विचार रुजलेला होता. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातल्या माणशी उत्पन्नाचा पहिला अंदाज बांधला : वर्षाला वीस रुपये. आकडा ढोबळ होता, पण त्यामागची पद्धत आजही ओळखीची वाटते. प्रांतवार पिके घ्यायची, त्यांना भाव लावायचा, बेरीज करायची आणि माणसांनी भागायचे. महादेव गोविंद रानडे हे या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८९२ साली दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत, असे ठामपणे मांडले. कालिन्याच्या विद्यानगरीत आज विभाग ज्या इमारतीत आहे तिला रानडे यांचेच नाव आहे.

विद्यापीठाने स्वतःचे पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन हाती घेतले ते पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ साली पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांची एकत्र शाळा उभी राहिली. अर्थशास्त्राच्या बाजूला आले के. टी. शाह. त्यांनी खंबाटा यांच्यासोबत १९२४ मध्ये हिंदुस्थानची संपत्ती आणि करक्षमता मोजणारा ग्रंथ काढला. त्याच वर्षी चंदुलाल नगीनदास वकील यांचा १८६० पासूनच्या सरकारी वित्तव्यवहाराचा इतिहास प्रसिद्ध झाला. म्हणजे देशाचे उत्पन्न किती आणि सरकार त्यातले किती, कसे घेते, या दोन्ही प्रश्नांवरचे मोठे काम एकाच विद्यापीठातून एकाच वर्षी बाहेर पडले. तेव्हा हे प्राध्यापक आकडे हातानेच मांडत होते. सरकारी अहवाल, जकातीची बुके आणि भावांची पत्रके एवढीच त्यांची सामग्री होती.

त्या दशकाचा सगळ्यात तापलेला प्रश्न होता रुपयाचा दर. एक रुपया म्हणजे एक शिलिंग चार पेन्स की एक शिलिंग सहा पेन्स? आज हा वाद दोन पेन्सांचा वाटेल. पण रुपया महाग ठेवला तर परदेशी कापड स्वस्त होणार, मुंबईच्या गिरण्यांना फटका बसणार आणि कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या हातात कमी रुपये पडणार, हे उघड होते. सिडनहॅम कॉलेजात काही काळ अर्थशास्त्र शिकवलेले आणि याच विद्यापीठाचे पदवीधर असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला होता. परदेशी विनिमयाचा दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातली रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, हा त्याचा गाभा. चलनाच्या प्रश्नासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. १९२७ मध्ये कायद्याने अठरा पेन्सांचा दर ठरला. त्याच वर्षी वकील आणि एस. के. मुरंजन यांचा चलन आणि किमतींवरचा ग्रंथ आला. वादात कोण जिंकले यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की विद्यापीठातला माणूस सरकारी निर्णयाविरुद्ध बोलताना घोषणा देत नव्हता, भावांच्या आकड्यांच्या माळा पुढे ठेवत होता.

वकील १९३० पासून विभागप्रमुख होते आणि १९५६ पर्यंत त्यांनी विभाग सांभाळला. त्यांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर नजर टाकली तर एक गोष्ट लक्षात येते. वकील आणि मुरंजन. वकील, बोस आणि देवळालकर. वकील आणि मुनशी. पुढे वकील आणि ब्रह्मानंद. तरुण सहकाऱ्याचे नाव प्रस्तावनेतल्या आभारांत ढकलून देण्याची रीत इथे नव्हती. ते मुखपृष्ठावर छापले जाई. शिष्यवृत्तीची रक्कम तुटपुंजी असेल, पण पंचविशीतल्या मुलाचे नाव देशभरच्या ग्रंथालयांत पोहोचत होते. संशोधनाला आधार द्यायचा म्हणजे पैसाच द्यायचा असे नाही. हा आधार वकिलांनी पुरेपूर दिला आणि मुंबईची अशी काही अर्थशास्त्रीय परंपरा जी म्हणतात ती त्यातूनच जन्मली.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि विभागाच्या कामाला खरी धार आली. तेव्हा जे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. ब्रिटिश सरकार इथे सैन्यासाठी धान्य, कापड, तंबू, बूट अशी प्रचंड खरेदी करत होते. त्याचे पैसे मात्र लंडनमध्ये स्टर्लिंग रोख्यांच्या रूपाने रिझर्व्ह बँकेच्या नावावर जमा होत. त्या रोख्यांच्या तारणावर बँक इथे नोटा छापून सरकारच्या हाती देई. माल देशाबाहेर किंवा आघाडीवर जाई आणि नोटा बाजारात उरत. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या आणि घाऊक किमती दुपटीहून वर गेल्या. सरकारचे म्हणणे असे, की ही साठेबाजांची करणी आहे. मालाची टंचाई आहे, चलनवाढ नाही. १९४३ साली वकील यांनी ढासळत्या रुपयावर एक छोटे पुस्तक काढले आणि स्पष्ट सांगितले : भाव चढताहेत ते नोटांच्या भरमसाट छपाईमुळे, आणि या मार्गाने युद्धाचा खर्च सर्वांत गरीब माणसाच्या ताटातून वसूल होतो आहे. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसे मेली. परकी सरकार, युद्धकाळ, सेन्सॉर. अशा दिवसांत सरकारमान्य विद्यापीठातल्या प्राध्यापकाने हे लिहिणे सोपे नव्हते. आज आपण विद्यापीठाच्या स्वायत्ततेबद्दल बोलतो तेव्हा हे छोटे पुस्तक समोर ठेवावे.

फाळणीनंतर वकिलांनी तिचे आर्थिक परिणाम मोजायला घेतले. ताग एका देशात आणि तागाच्या गिरण्या दुसऱ्यात, कापूस तिकडे आणि कापडगिरण्या इकडे, असा तो हिशेब होता. १९४८ आणि १९५० मध्ये ते काम ग्रंथरूपाने आले.

याच सुमारास मुंबईत या विषयाला पोषक असे बरेच काही जमून आले. रिझर्व्ह बँकेची सुरुवात कलकत्त्यात झाली, तरी १९३७ पासून तिचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत होते, विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्याच काळात, १९४५ साली, बँकेचा संशोधन व सांख्यिकी विभाग आकाराला आला आणि १९४७ च्या जानेवारीपासून बँकेचे मासिक निघू लागले. विभागात शिकवणारे जे. जे. अंजारिया बँकेत गेले, पुढे नियोजन आयोगात गेले आणि अखेर बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले. १९४९ मध्ये सचिन चौधरींनी मुंबईतून अर्थविषयक साप्ताहिक सुरू केले. आज जे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' म्हणून जगभर वाचले जाते त्याचे मूळ तेच. १९५३ पासून 'इंडियन इकॉनॉमिक जर्नल' निघाले आणि त्याच्या संपादनाचा भार मुंबईने दीर्घकाळ वाहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सकाळी बँकेच्या ग्रंथालयात ताजे आकडे मिळत, दुपारी वर्गात त्यांचा कीस निघे आणि दलाल स्ट्रीट, कापूस बाजार, गिरणगाव, गोदी ही सगळी प्रयोगशाळा ट्रामच्या टप्प्यात होती.

पैशाची व्यवस्थाही या काळात बदलली. दानशूर धनिकांची जागा हळूहळू सार्वजनिक संस्थांनी घेतली. रिझर्व्ह बँकेने विद्यापीठात अध्यासनासाठी निधी दिला. अर्थमंत्रिपद सोडल्यावर चिंतामणराव देशमुख विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले होते. पुढे १९६० च्या दशकात या मंडळाने विभागाला प्रगत अभ्यास केंद्राचा दर्जा दिला. या दर्जामुळे जागा वाढल्या, शिष्यवृत्त्या मिळाल्या, पुस्तके आली आणि बाहेरच्या विद्वानांना बोलावता आले. मुख्य म्हणजे कुठला विषय घ्यायचा, हे विभागाने ठरवायचे होते. माझ्या मते विभागाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची मदत. कारण ती एका प्रकल्पाच्या अहवालासाठी दिलेली नव्हती, माणसे घडवण्यासाठी होती.

दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ मध्ये सुरू झाली तेव्हा दिल्लीत प्रा. महालनोबिस यांच्या आराखड्याचा बोलबाला होता. पोलाद, यंत्रे, जड उद्योग यांत आधी गुंतवणूक करा, म्हणजे पुढे वाढीचा वेग आपोआप चढेल, असे ते सूत्र. त्याच वर्षी वकील आणि त्यांचे तरुण सहकारी पी. आर. ब्रह्मानंद यांचा ग्रंथ आला आणि त्याने या सूत्राच्या मुळालाच हात घातला. म्हैसूरकडून मुंबईला आलेले ब्रह्मानंद पुढे आयुष्यभर याच विभागाचे झाले.

त्यांचा युक्तिवाद असा. खेड्यात एका शेतावर पाच माणसे राबतात, पण काम तिघांपुरतेच आहे. उरलेली दोन माणसे उत्पादनात भर घालत नसली तरी जेवतात. ती धरण बांधायला किंवा कारखाना उभारायला नेली, तर देशाला जवळजवळ फुकट भांडवल मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. मजुरी हातात आली की तो माणूस आधीपेक्षा जास्त धान्य, डाळ, तेल, कापड मागतो. शेतावर मागे राहिलेलेही थोडे जास्त खातात. जो शेतमाल शहराकडे यायला हवा तो येत नाही. मग मजुरी वाढली तरी विकत घ्यायला माल नाही, भाव चढतात आणि योजना मध्येच अडते. म्हणून रोजगार किती वाढवता येईल हे पोलादाच्या टनांवर ठरत नाही. ते ठरते कामगाराच्या रोजच्या गरजेच्या वस्तू, म्हणजे वेतनवस्तू, किती उपलब्ध आहेत त्यावर. आधी शेती, सिंचन, कापड आणि साध्या ग्राहकवस्तू यांना बळ द्या, म्हणजे बेकारीही हटेल आणि भांडवलही उभे राहील.

दिल्लीने हे ऐकले नाही. १९६५-६६ मध्ये पाऊस दगा देऊन गेला. अन्नधान्याचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटी टनांवर आले. अमेरिकेहून गव्हाची जहाजे आली तेव्हा रेशनच्या दुकानांत धान्य पडले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, आणि पंचवार्षिक योजना तीन वर्षांसाठी बाजूला ठेवावी लागली. केवळ पावसाच्या लहरीवर मुंबईच्या सिद्धान्ताचा विजय ठरवणे न्यायाचे नाही, आणि जड उद्योगांशिवाय पुढचा औद्योगिक पाया घातला गेला नसता हेही मान्य केले पाहिजे. तरीही एवढे नक्की म्हणता येते, की योजनेचा नेमका कोणता सांधा आधी निखळेल हे विभागाने दहा वर्षे अगोदर लिहून ठेवले होते.

वकिलांनंतर मोहनलाल दांतवाला आणि डी. टी. लकडावाला यांनी विभागाची धुरा वाहिली. दांतवाला यांचे कार्य मुख्यतः शेतीच्या अर्थशास्त्रातले, त्यामुळे त्याचा विस्तार इथे करत नाही. लकडावाला सार्वजनिक वित्ताचे जाणकार होते. १९७७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि दारिद्र्यरेषेच्या मोजमापाबाबत त्यांच्या नावाची समिती पुढे देशभर गाजली.

आता १९७४ कडे येऊ. विभागाच्या इतिहासातला हा सर्वांत धगधगता प्रसंग, म्हणून जरा सविस्तर.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने अंगावर झेलला होता. पाठोपाठ १९७३ च्या अखेरीस तेल निर्यातदार देशांनी खनिज तेलाचे भाव चौपट केले. सरकारचा खर्च तुटीच्या अर्थभरण्यातून चाललाच होता. १९७३-७४ मध्ये घाऊक भाव सरासरी २० टक्क्यांनी चढले, त्यापुढच्या वर्षी २५ टक्क्यांनी. पगारदाराच्या घरात महिन्याच्या पंधरा तारखेलाच हात आखडता घ्यावा लागत होता. गुजरातमध्ये महागाईविरोधी आंदोलनाने सरकार उलथले. मे महिन्यात देशभर रेल्वे संप झाला.

त्याआधी फेब्रुवारी १९७४ मध्ये वकील आणि ब्रह्मानंद यांच्या पुढाकाराने देशातल्या १४० अर्थतज्ज्ञांनी सही केलेले निवेदन पंतप्रधान इंदिरा गांधी यांना सादर झाले. त्यातल्या उपायाला त्यांनी 'सेमिबॉम्ब्ला' हे एका लांबलचक नावाचे लघुरूप दिले होते. योजना थोडक्यात अशी : लोकांच्या हातातल्या आणि बँकांतल्या पैशाचा काही भाग रोख्यांत आणि पदकांच्या स्वरूपातल्या बाँडांत गुंतवून ठरावीक काळ अडकवून ठेवायचा. पैसा कोणाचा बुडणार नाही, पण लगेच बाजारातही येणार नाही. मागे असलेली विचारसरणी साधी होती. मालाचा पुरवठा एका रात्रीत वाढवता येत नाही, पण मालाच्या मागे धावणारा पैसा कमी करता येतो. तोपर्यंत महागाईचे खापर तेलावर, पावसावर आणि व्यापाऱ्यांवर फोडण्याची सवय सरकारला जडली होती. निवेदनाने बोट ठेवले ते सरकारच्याच तिजोरीवर आणि चलनवाढीवर.

सरकारने योजना जशीच्या तशी उचलली नाही. पण जुलै १९७४ मध्ये एकामागून एक अध्यादेश निघाले. सगळे वाढीव वेतन आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत टाकायचा, जास्त उत्पन्नाच्या करदात्यांनीही ठेव ठेवायची, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा. रिझर्व्ह बँकेने आपला व्याजदर सातवरून नऊ टक्क्यांवर नेला. दिशा तीच होती : पैसा गोठवणे. सप्टेंबर १९७४ नंतर भावांची चढण थांबली आणि १९७५-७६ च्या वर्षात घाऊक भाव चक्क थोडे उतरले. त्यात चांगल्या पावसाचा आणि विक्रमी पिकाचा वाटा मोठा होता. या उतरत्या भावांचे श्रेय मात्र आणीबाणीच्या दडपशाहीला चिकटवले जाते ते चूक आहे. भाव फिरले ते आणीबाणी जाहीर होण्याच्या नऊ महिने आधी. चलनाला लगाम घातला की किमती हटतात, हे त्या वर्षी देशाने पाहिले. तो लगाम पगारदाराच्या खिशावर पडला हेही खरे, आणि कामगार संघटनांचा त्यावरचा रोष रास्त होता.

या प्रकरणातून विभाग आणि त्याला पैसा देणाऱ्या संस्था यांच्यातले नाते स्पष्ट दिसते. विभागाला अनुदान सरकारी मंडळाचे, अध्यासन रिझर्व्ह बँकेचे, आणि टीका त्याच सरकारच्या तुटीवर व त्याच बँकेच्या चलनधोरणावर. ब्रह्मानंद पुढे विभागाचे संचालक असतानाही पैशाचा पुरवठा आणि वास्तव उत्पन्नाची वाढ यांची सांगड घालण्याचा आग्रह धरत बँकेवर लिहीत राहिले. बँकेने अध्यासन काढून घेतले नाही. १९८५ मध्ये सुखमय चक्रवर्ती समितीने पैशाच्या पुरवठ्यातील वाढीचे लक्ष्य आधी ठरवावे अशी शिफारस बँकेला केली. मुंबईत वर्षानुवर्षे जे बोलले जात होते त्याच्या ती बरीच जवळ होती. टीकाकाराला पोसण्याइतका मोठेपणा देणाऱ्याकडे असावा लागतो. तो त्या पिढीतल्या बँकेने दाखवला, आणि त्याची नोंद या लेखात कृतज्ञतेने केली पाहिजे.

आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने रिझर्व्ह बँकेने आणखी मोठे पाऊल उचलले. गोरेगावला आरेच्या डोंगराच्या कुशीत इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था उभी केली. २८ डिसेंबर १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि १९९५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचा खर्च बँक उचलते. किरीट पारीख तिचे पहिले संचालक. आपल्या विभागात अर्थमिती आणि चलनशास्त्र शिकवलेले प्रा. दिलीप नाचणे पुढे या संस्थेचे संचालक झाले, हे दोन्ही संस्थांमधल्या येण्याजाण्याचे उदाहरण. १९९१ पासून बँकेने बाहेरच्या प्राध्यापकांना बँकेतल्या संशोधकांबरोबर बसवून अभ्यास लिहून घेण्याचा उपक्रमही चालवला. विभागाचे विद्यार्थी राहिलेले डॉ. नरेंद्र जाधव बँकेच्या संशोधनात दीर्घकाळ होते आणि भारतीय चलनव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती रुळले.

नवी संस्था निघाली याचा आनंदच आहे. पण स्पष्टच लिहिले पाहिजे, की मध्यवर्ती बँकेच्या छायेतली स्वतंत्र संस्था आणि राज्य विद्यापीठातला विभाग यांची कामे वेगळी आहेत. विद्यापीठात जव्हार, कुडाळ, रोहा अशा गावांतून महाविद्यालय संपवून आलेला विद्यार्थी माफक फीमध्ये शिकतो. राज्य विद्यापीठातल्या जागा रिकाम्या राहू लागल्या, कंत्राटी अध्यापकांवर भार पडू लागला, की या मुलासाठी स्थूल अर्थशास्त्रातल्या संशोधनाचे दार बंद होते. तो दुसरीकडे जात नाही. तो विषयच सोडतो.

यातच अध्यासनांच्या निधीचा प्रश्न आहे, आणि तो थोडा आकड्यांत मांडतो. एखाद्या देणगीदाराने एक रक्कम कायम निधी म्हणून दिली आणि तिचे सगळे व्याज दरवर्षी खर्च होत राहिले, तर मुद्दल कागदावर तसेच राहते. भाव दरसाल आठ टक्क्यांनी वाढले तर साधारण नऊ वर्षांत त्या मुद्दलाची खरेदीशक्ती निम्मी होते. आणखी नऊ वर्षांत पाव. पंचेचाळीस वर्षांत बत्तिसावा हिस्सा. ज्या व्याजातून सुरुवातीला एका प्राध्यापकाचा वर्षाचा पगार निघत होता, त्यातून पुढे एक व्याख्यान आणि चहापाणी निघते. महागाईवर ज्या विभागाने देशाला शहाणे करण्याचा प्रयत्न केला, त्याच प्रकारच्या विभागांचे निधी महागाईने पोखरावेत, ही गोष्ट मनाला लागते. व्याज दहा टक्के आणि भाववाढ आठ टक्के असेल, तर खर्चाला खरे म्हणजे दोनच टक्के मिळतात. उरलेले आठ मुद्दलात परत गेले पाहिजेत. हे गणित पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येते. विद्यापीठांच्या दानपत्रांत मात्र ते फार क्वचित उतरते.

दुसरी अडचण काळाची. स्थूल अर्थशास्त्रातले चांगले काम दोन वर्षांच्या प्रकल्पात बसत नाही. ब्रह्मानंदांचा एकोणिसाव्या शतकातल्या भारतातील पैसा, उत्पन्न आणि किमती यांवरचा प्रचंड ग्रंथ २००१ साली आला, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठलेली होती. जुन्या भावांच्या नोंदी जुळवायच्या, त्यांतली वजनमापे एका मापात आणायची, रुपयातली चांदी आणि सोन्याचा भाव लावायचा, मग माळ तयार होते आणि मगच तिच्यावर काही बोलता येते. अहवालाची मुदत मागणाऱ्या देणगीदाराच्या हाताखाली असे काम होऊच शकत नाही. शिवाय आकडे गोळा करून नीट ठेवण्याच्या कामाला विद्यापीठात मान नाही. मुंबईतच १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'ईपीडब्ल्यू संशोधन प्रतिष्ठान'ने ते काम निष्ठेने केले म्हणून आजच्या कितीतरी प्रबंधांना पाया मिळाला.

विभाग आता स्वायत्त आहे आणि मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी या नावाने ओळखला जातो. सार्वजनिक धोरणाचे नवे अभ्यासक्रम आले, विद्यार्थी वाढले. यात रुपया, किमती आणि रोजगार हे मूळचे तीन विषय मागे पडू नयेत, असे मनापासून वाटते. शंभर वर्षांत देशाला या विभागाने जे दिले ते मुख्यतः याच तिघांविषयी होते.

माजी विद्यार्थी आज बँकांत, वित्तसंस्थांत, शासनात आणि परदेशातल्या विद्यापीठांत मोठ्या पदांवर आहेत. त्यांना एवढीच विनंती. देणगी द्या, पण एका परिषदेसाठी किंवा एका सभागृहावरच्या नावासाठी नको. संशोधक विद्यार्थ्यांच्या पाच-पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी द्या. विषय कोणता आणि निष्कर्ष काय, हे विभागावर सोडा, मग तो निष्कर्ष तुमच्याच बँकेला किंवा खात्याला न रुचणारा निघाला तरी चालेल. आणि दरवर्षीच्या व्याजातून भाववाढीइतकी रक्कम मुद्दलात परत जाईल, ही अट दानपत्रात पहिल्याच कलमात लिहा.